कोणत्याच यादीत न बसणारा कैदी
मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी झालेले आणि न झालेले प्रयत्न

मे १९६२ मध्ये गोव्यातून विमाने कराचीकडे जात होती. त्यांत पोर्तुगीज सैनिक होते. आदल्या वर्षीच्या १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली, तेव्हापासून तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक फोंडा, वास्को, आग्वाद अशा ठिकाणच्या छावण्यांत भारताचे युद्धकैदी म्हणून राहत होते. कराचीहून त्यांना जहाजांतून लिस्बनला नेण्यात आले. ती जहाजे लिस्बनच्या बंदरात शिरत होती, त्या वेळी शहराबाहेर समुद्रकाठच्या काशियश किल्ल्यात एक मराठी शिक्षक सव्वीस वर्षांची शिक्षा भोगत होता. (आपल्याकडच्या लिखाणात हे नाव ‘कॅक्सियस’ असेही येते.) सगळे युद्धकैदी परत गेले. शिक्षक मात्र पुढे जवळजवळ सात वर्षे तिथेच राहिला.

मोहन रानडे यांची कथा मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. ‘सतीचे वाण’ हे त्यांचे आत्मकथन अनेकांच्या घरी आहे, २००१ मधली पद्मश्रीही काहींच्या लक्षात असेल. पण ती कथा आपण बहुधा शौर्यकथा म्हणून वाचतो. बेतीच्या चौकीवरचा हल्ला, गोळ्या, अंधारकोठडी, आणि शेवटी सुटका. मला कुतूहल आहे ते यातल्या शेवटच्या शब्दाचे. एका सार्वभौम देशाला आपला एक नागरिक परक्या तुरुंगातून सोडवायला इतकी वर्षे का लागली? तेही तो देश पोर्तुगालसारख्या राज्याला छत्तीस तासांत गोव्यातून हुसकावू शकत असताना?

आधी माणूस. जन्म २५ डिसेंबर १९३०, सांगलीचा. मूळ नाव मनोहर आपटे. सावरकर बंधूंच्या विचारांनी भारावलेला हा तरुण गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून गेला, सावई-वेरें भागात शिकवू लागला आणि आझाद गोमंतक दलाच्या कामात ओढला गेला. ‘मोहन रानडे’ हे भूमिगत जीवनात घेतलेले नाव पुढे आयुष्यभराचे झाले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांच्या या दलाचा सत्याग्रहावर विश्वास नव्हता. पोलीस चौक्यांवर हल्ले करायचे, शस्त्रे मिळवायची, पोर्तुगीज सत्तेला झोप लागू द्यायची नाही, अशी त्यांची रीत. ऑक्टोबर १९५५ मध्ये पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावरच्या बेतीच्या चौकीवर हल्ला झाला. त्यात रानडे गोळ्या लागून जखमी झाले आणि पकडले गेले.

तारीख नीट पाहिली पाहिजे, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. बेतीचा हल्ला होण्याच्या दोन-तीन महिने आधी भारत आणि पोर्तुगाल यांच्यामधली बोलण्याची सगळी दारे एकेक करून बंद झाली होती.

दोन देशांत राजनैतिक संबंध १९४९ मध्ये सुरू झाले होते. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालला निवेदन देऊन गोव्याच्या भवितव्यावर वाटाघाटी करू, असे सुचवले. उत्तर ठरलेले होते. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे आणि स्वतःच्या भूमीबद्दल कोणी वाटाघाटी करत नाही. ही भूमिका अधिक पक्की दिसावी म्हणून सालाझार सरकारने १९५१ मध्ये संविधान दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्याच सुमारास दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद करायला लावण्यात आली होती, आणि १ सप्टेंबरला भारताने पणजीतली आपली कचेरीही मिटली.

म्हणजे रानडे पकडले गेले तेव्हा त्यांच्यासाठी चौकशी करायला जाईल असा एकही भारतीय अधिकारी गोव्यात किंवा लिस्बनमध्ये नव्हता. अशा वेळी देश तिसऱ्या देशाचे साहाय्य घेतात. भारताच्या हितसंबंधांची काळजी इजिप्तने घ्यायची आणि पोर्तुगालच्या भारतातल्या हितसंबंधांची ब्राझीलने, अशी व्यवस्था झाली. दिल्लीने काही विचारायचे तर ते कैरोमार्फत, लिस्बनने उत्तर द्यायचे तर ते त्याच वळणाने. निरोप पोचायचा, पण त्यातला जोर वाटेत झिरपून जायचा. पोस्टमन दुसऱ्याचे भांडण भांडत नाही.

त्यातही एक अडचण होती, आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी होती. सप्टेंबर १९५५ मध्ये नेहरूंनी सत्याग्रह थांबवायचे ठरवले. गोव्याच्या हद्दीत शिरायला भारत सरकारनेच बंदी केली. गोवा शांततेच्या मार्गानेच मिळवायचा, हे जगाला सांगितलेले धोरण होते. हे धोरण जाहीर झाल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच एक भारतीय नागरिक शस्त्र घेऊन पोर्तुगीज चौकीवर चालून जातो आणि पकडला जातो. सरकारने याला काय म्हणायचे? सत्याग्रही म्हणता येत नाही. सैनिक म्हणता येत नाही. गुन्हेगार म्हणायची तर जीभ रेटत नाही. रानडे यांचे प्रकरण दिल्लीच्या दृष्टीने अवघड होते ते केवळ पोर्तुगालच्या हट्टामुळे नव्हे. त्यांच्याविषयी मोठ्याने बोलले की आपल्याच धोरणाला गालबोट लागत होते.

लिस्बनपुढे असा पेच नव्हता. त्यांच्या लेखी बेती हे पोर्तुगालमधले गाव होते, चौकी पोर्तुगीज होती आणि तिच्यावर हल्ला करणारा दहशत माजवणारा माणूस होता. लष्करी न्यायालयाने सव्वीस वर्षांची शिक्षा दिली. आग्वादच्या किल्ल्यात कोठडी मिळाली. पुढच्या काळातली जवळजवळ सहा वर्षे एकांतवासाची होती.

आग्वादमध्ये त्या वेळी मराठी माणसांची कमतरता नव्हती. नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी आणि बंगालचे खासदार त्रिदीब चौधुरी असे अनेकजण सत्याग्रहात पकडले जाऊन दहा-बारा वर्षांच्या शिक्षा भोगत होते. १९५७ च्या सुरुवातीला पोर्तुगालने या भारतीय सत्याग्रह्यांना सोडून दिले. मधू लिमये यांची बारा वर्षांची शिक्षा एकोणीस महिन्यांत संपली. रानडे आतच राहिले. एका बाजूला जगभर नाव झालेले, संसदेत आणि वर्तमानपत्रांत रोज ज्यांच्याविषयी विचारणा होत असे असे निःशस्त्र कैदी. दुसऱ्या बाजूला खोट्या नावाने वावरलेला, हातात शस्त्र घेतलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा शिक्षक. सालाझारने पहिल्यांना सोडून जगाची शाबासकी घेतली आणि दुसऱ्याला ठेवून आपला कायदा शाबूत असल्याचे दाखवले.

आज असे घडले तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर देणारे एक प्रकरण आपल्या डोळ्यांपुढे घडले आहे. कुलभूषण जाधव यांचा जन्मही सांगलीचाच. २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांच्या अटकेची घोषणा केली, एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली आणि भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू दिले नाही, हा भारताचा मुख्य मुद्दा होता. त्यामागे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम होते. १७ जुलै २०१९ च्या निकालात पंधरा न्यायाधीश भारताच्या बाजूने आणि एक विरुद्ध, असा कौल मिळाला. फाशी थांबली, कैद संपली नाही. रानड्यांच्या अटकेच्या वेळी हा करारच अस्तित्वात नव्हता. हेगचे न्यायालय मात्र होते, आणि गंमत अशी की भारत-पोर्तुगाल वाद तिथे चालूही होता. डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे रानडे पकडले गेल्यावर दोनच महिन्यांनी, पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीला जाण्या-येण्याच्या हक्कासाठी भारताला तिथे खेचले. एप्रिल १९६० पर्यंत तो खटला चालला. दोन्ही बाजूंच्या विद्वान वकिलांनी अठराव्या शतकातले मराठ्यांचे करारनामे आणि सनदा उलगडून त्यांचा कीस काढला. जमिनीच्या तुकड्यावरून जाण्याचा हक्क कोणाला, यावर एवढी शाई खर्च झाली. कोठडीतल्या माणसाचा प्रश्न नेता येईल असे कलमच तेव्हा नव्हते.

खटल्याचा निकाल लागला त्या वर्षी, १९६० मध्ये, रानड्यांना गोव्यातून हलवून पोर्तुगालला नेण्यात आले. ही वाट जुनीच होती. डॉ. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा झाली तेव्हा त्यांना पेनिशच्या किल्ल्यात पाठवले होते. १९५९ मध्ये पकडलेल्या तेलो मास्करेन्यस यांनाही शेवटी पोर्तुगालच्याच तुरुंगात डांबण्यात आले. तेलो कवी, कायदेपंडित, ‘रेसुर्जे गोवा’ हे पत्र काढणारे. त्यांना चोवीस वर्षांची शिक्षा होती. गोव्यात जन्मल्यामुळे लिस्बन त्यांना पोर्तुगीज नागरिकच मानत होते. कायद्याच्या दृष्टीने रानडे आणि तेलो हे दोन निराळे कैदी होते, एक परका आणि एक घरभेदी, पण दोघांची गाठ एकमेकांशी बांधली गेली.

काशियशमध्ये प्रामुख्याने सालाझारचे स्वतःच्या देशातले विरोधक असत. ४ डिसेंबर १९६१ रोजी त्यांतल्या आठ कम्युनिस्ट कैद्यांनी सालाझारच्या वापरातली जुनी चिलखती मोटार तुरुंगाच्या आवारातून पळवली आणि फाटक फोडून ते निसटले. पंधरा दिवसांनी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६१ हा सालाझारचा वाईट महिना होता.

तो राग कोठे निघाला हे समजून घेतल्याशिवाय १९६२ चे कोडे सुटत नाही. गोव्यातल्या सैन्याने शेवटच्या माणसापर्यंत लढावे, विजयी किंवा मृत याखेरीज तिसरा पोर्तुगीज सैनिक आपल्याला दिसणार नाही, असा संदेश सालाझारने पाठवला होता. वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि हजारो जीव वाचवले. त्याबद्दल त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आले. शरण गेलेले सैनिक परत आणण्याची लिस्बनला मुळीच घाई नव्हती. उलट मोझांबिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या भारतीयांना, त्यांत गुजरातकडचे लोक फार, मोठ्या संख्येने स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांची दुकाने, मालमत्ता गोठवली गेली. मग तिसऱ्या देशांमार्फत बोलणी झाली. पाच महिन्यांनी सैनिक गेले, मोझांबिकमधले स्थानबद्ध सुटले आणि बहुतेकांना तो देश सोडावा लागला.

आणि रानडे? तेलो? गोव्यासाठी लढणाऱ्या मंडळींचा पुढे वर्षानुवर्षे हाच आक्षेप राहिला की हातात एवढे युद्धकैदी असताना सरकारने या दोघांना मागून घेतले नाही.

आक्षेप भावनेतून आलेला आहे, पण चुकीचा आहे असे मला वाटत नाही. सरकारच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमाप्रमाणे लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब परत पाठवायचे असते. त्यांना ओलीस ठेवता येत नाही. सुरक्षा परिषदेत बहुसंख्य देशांनी भारताविरुद्ध मत दिले होते आणि सोव्हिएत नकाराधिकारानेच भारत वाचला होता. अशा वेळी कैद्यांवर सौदा करणारा देश अशी कीर्ती नेहरूंना परवडणारी नव्हती. हे सगळे खरे. पण मोझांबिकच्या भारतीयांचा प्रश्न याच बोलण्यांत आलाच ना? पोर्तुगालने स्थानबद्ध केलेल्या व्यापाऱ्यांसाठी सौद्याची भाषा चालली, मग तुरुंगातल्या दोघांसाठी का चालली नाही? दहा वर्षांनी बांगलादेश युद्धानंतर भारताने नव्वद हजारांवर पाकिस्तानी कैदी राजकीय प्रश्न मार्गी लागेपर्यंत ठेवून घेतले, तेव्हाही ११८ वे कलम होतेच.

मला याचे उत्तर सरकारी याद्यांच्या स्वरूपात दिसते. राज्ययंत्रणा माणसांना रकान्यांत पाहते. युद्धकैदी हा एक रकाना, स्थानबद्ध नागरिक हा दुसरा. रानडे पहिल्यात बसत नव्हते, कारण ते कोणाच्याच सैन्यात नव्हते. दुसऱ्यातही बसत नव्हते, कारण त्यांना रीतसर खटला चालवून शिक्षा झाली होती. पोर्तुगालला तर त्यांच्याविषयी बोलायचेच नव्हते. सोडायचे म्हटले तर बेती ही परकी भूमी होती हे कबूल करावे लागणार. कागदोपत्री गोवा १९६१ नंतरही, थेट १९७४ पर्यंत, पोर्तुगालचा प्रांतच होता. म्हणजे रानड्यांच्या कोठडीचे कुलूप गोव्यावरच्या हक्काच्या दाव्याला अडकवलेले होते. नेहरूंच्या सरकारने त्या वेळी ते कुलूप ओढूनही पाहिले नाही, ही खंत राहतेच.

१९६२ नंतर हा विषय मागे पडला. चीनचे युद्ध, नेहरूंचा मृत्यू, पाकिस्तानशी लढाई, शास्त्रीजींचा मृत्यू, दुष्काळ. तुरुंगातल्या एका माणसाकडे लक्ष द्यायला दिल्लीला फुरसत नव्हती. संसदेत प्रश्न येत, ‘प्रयत्न चालू आहेत’ अशा धर्तीची उत्तरे मिळत. खरे तर त्या काळातल्या संसदेत गोव्याच्या तुरुंगाची हवा खाल्लेली माणसे बसलेली होती. त्रिदीब चौधुरी होते, १९६४ पासून मधू लिमये होते, १९६७ पासून जगन्नाथराव जोशी होते. तिघांचे पक्ष तीन, एकमेकांशी पटणारे नव्हेत. पण आपण बाहेर आहोत आणि तो आत आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

संसदेबाहेर हा विषय जिवंत ठेवला तो एका संगीतकाराने. सुधीर फडके म्हटले की आपल्याला गीतरामायण आठवते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक गीत प्रसारित होत होते. रानडे बेतीला पकडले गेले ते त्या मालिकेच्या ऐन भरात. पण बाबूजींची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेत ते स्वतः होते, आणि त्या मोहिमेला पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकरांचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. रानड्यांच्या सुटकेसाठी समिती उभी राहिली ती फडक्यांच्या पुढाकाराने. निवेदने, सभा, भेटीगाठी, पत्रे. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात अशा समित्यांना जागा मिळत नाही, कारण त्यांच्याकडे ना शिक्का असतो ना पासपोर्ट. परराष्ट्र खात्याचा कागद फायलीत गेला की तो कोणीतरी पुन्हा काढायला लावावा लागतो. ते काम समितीने केले. रानड्यांची कैद सर्वत्र ‘चौदा वर्षांची’ म्हणून लिहिली जाते. मोजले तर ती सव्वातेरा वर्षे भरते. गीतरामायणाच्या संगीतकाराला चौदाच आकडा जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

आता रोमकडे वळले पाहिजे, कारण शेवटी दार उघडले ते त्या बाजूने.

दिल्ली आणि लिस्बन या दोघांशीही ज्याचे बोलणे चालू होते आणि ज्याच्या शब्दाला दोन्हीकडे वजन होते असे ठिकाण एकच होते, व्हॅटिकन. भारताचे पोपच्या दरबाराशी १९४८ पासून राजनैतिक संबंध होते. पोर्तुगाल तर कट्टर कॅथॉलिक, सालाझार स्वतः धर्मनिष्ठ. जुलै १९५५ मध्ये नेहरू रोमला पोप बाराव्या पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, हे पोपना मान्य असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. त्याआधी १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, जे गोवेकर आईबापांचे पुत्र होते, पहिले भारतीय कार्डिनल झाले होते. पूर्वेकडच्या चर्चवर शतकानुशतके हक्क सांगणाऱ्या पोर्तुगालला हे सारे बोचत होते. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्ट परिषदेला आले, तेव्हा तर कहर झाला. गोवा ‘बळकावणाऱ्या’ देशात पोप जातात म्हणजे पोर्तुगालचा अवमान करतात, असे परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगेरा यांनी जाहीरपणे म्हटले, आणि लिस्बनच्या वर्तमानपत्रांत त्या दौऱ्याच्या बातम्या दडपण्यात आल्या. त्या सुमारास व्हॅटिकनने रानड्यांसाठी शब्द टाकला असता तरी तो वाया गेला असता. पुढे मे १९६७ मध्ये पोप पोर्तुगालमधल्या फातिमाच्या यात्रेला गेले आणि हा दुरावा बराचसा निवळला.

अशा वेळी या कथेत एक असा माणूस येतो की ज्याचे नाव इथे कोणाला अपेक्षित नसेल. मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई. १९६८ च्या वसंतात येल विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला निघाले, त्या प्रवासात व्हॅटिकनला जाऊन पोपना भेटले, आणि त्यांनी मोहन रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द घातला. पोपनी ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले आणि अण्णांनी स्वतःसाठी किंवा राज्यासाठी काही न मागता हे मागितले, असे तमिळनाडूत सांगतात. द्रविड चळवळीचा नास्तिक नेता, सांगलीच्या हिंदुत्वनिष्ठ क्रांतिकारकासाठी, कॅथॉलिक धर्मगुरूकडे रदबदली करतो! आपल्या नेहमीच्या राजकीय नकाशात ही रेघ ओढायला जागाच नाही. मुख्यमंत्र्याचे हे काम नव्हते, परराष्ट्र धोरण त्यांच्या अखत्यारीत येत नव्हते. पण कदाचित त्यामुळेच ते जमले. दिल्लीने अधिकृत मागणी केली की लिस्बनला गोव्याच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न दिसे. पोपनी दयेची विनंती केली की तो दिसेनासा होई. दया करणारा काही कबूल करत नाही. सालाझारच्या माणसांना सोडवणूक द्यायची तर ती याच शब्दांत देता येण्यासारखी होती.

अर्थात एवढ्याने काम झाले असे लिहिणे सोपे आहे आणि बहुतेक लेखांत तसेच लिहिलेले आढळते. मला तारखा वेगळे काही सुचवतात. अण्णांची भेट १९६८ च्या पूर्वार्धातली. सुटका २५ जानेवारी १९६९ ची. मधल्या काळात लिस्बनमध्ये काय झाले? ३ ऑगस्ट १९६८ रोजी एस्तोरिलच्या किल्ल्यात सालाझार खुर्चीवरून पडले, डोक्याला मार बसला, सप्टेंबरमध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि २७ सप्टेंबरला छत्तीस वर्षांनंतर पंतप्रधानपदी दुसरा माणूस आला, मार्सेलो कायतानो. नव्या पंतप्रधानांना आपण थोडे मवाळ आहोत असे दाखवायचे होते. साओ टोमे बेटावर हद्दपार केलेले समाजवादी नेते मारियो सोआरेस नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. पुढच्या वर्षी पोर्तोच्या निर्वासित बिशपनाही परत येऊ देण्यात आले. रानड्यांची सुटका याच महिन्यांतली आहे. सालाझार शुद्धीवर आणि खुर्चीवर असते तर पोपचा शब्द किती काळ टेबलावर पडून राहिला असता, हे १९६४ च्या अनुभवावरून कल्पिता येते. म्हणून मी असे म्हणेन की व्हॅटिकनने वाट करून दिली, कायतानोंना त्या वाटेने जाणे सोयीचे होते, आणि समितीसारख्या लोकांनी नाव जिवंत ठेवले नसते तर अण्णांपर्यंत ते पोचण्याचे कारणच नव्हते.

रानडे मायदेशी पोचले, पण अण्णांना भेटण्याचा योग आला नाही. कर्करोगाने थकलेले अण्णादुराई ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, सुटकेनंतर नऊच दिवसांनी, वारले. रानडे मद्रासला गेले ते मरीना किनाऱ्यावरच्या त्यांच्या समाधीपाशी.

तेलो अजून आत होते. त्यांचा प्रश्न वेगळ्या दोरीने सुटला. फादर फ्रान्सिस्को मोंतेरो या गोव्यातल्या धर्मगुरूंनी १९६२ मध्ये भारतीय नागरिकत्व नाकारून पोर्तुगीज राहणे पसंत केले होते. राहण्याचा परवाना घ्या किंवा देश सोडा, असे सरकारने सांगितले. त्यांनी दोन्ही नाकारले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९६९ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. आता दिल्लीच्या हातीही एक असा माणूस होता की जो कोणत्याच रकान्यात नीट बसत नव्हता. गोव्यात जन्मलेला, गोव्यातच राहू इच्छिणारा, पण कायद्याने परका. व्हॅटिकनच्याच मध्यस्थीने त्यांचा प्रश्न आणि तेलोंची सुटका एकमेकांना जोडली गेली. १९७० मध्ये तेलो सुटले. १९६२ मध्ये तीन हजार सैनिकांनी जे साधले नाही ते एका धर्मगुरूने साधले, आणि तेही त्यांची इच्छा नसताना.

एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. दुसऱ्याच दिवसापासून काशियशच्या फाटकापुढे लोक जमले आणि राजकीय कैदी बाहेर येऊ लागले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार होऊन गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. सही करणारे पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री होते मारियो सोआरेस, ज्यांनी सालाझारच्या तुरुंगांत अनेक फेऱ्या केल्या होत्या. भारताच्या बाजूने सही केली ती नव्यानेच परराष्ट्र खात्यात आलेल्या यशवंतराव चव्हाणांनी. त्या दिवशी बेती हे भारतातले गाव आहे हे लिस्बनला मान्य झाले. रानड्यांच्या सव्वीस वर्षांच्या शिक्षेतली सात वर्षे त्या दिवशी अजून शिल्लक असती. पुढची बरीच वर्षे ते पुण्यात राहिले आणि तिथेच, जून २०१९ मध्ये, वारले.